पाचवा हात

भात झोडून घरात गेलं की खळं रिकामं पडतं. चार दिवसांपूर्वी जिथे पेंढ्यांचे ढीग होते, तिथे उरते फक्त शेणाने सारवलेली, ऊन खाऊन टणक झालेली जमीन आणि कडेला थोडा कोंडा. पुढच्या पावसापर्यंत तिचं कुणाला काही काम नसतं. अशा बिनकामाच्या जागेचं माणसं काय करतात, हे बघायची मला पहिल्यापासून खोड आहे. कोणी मिरच्या वाळत घालतं, कोणी सुकी मासळी पसरतं, म्हातारे नुसतेच येऊन बसतात. आम्ही एका वर्षी तिथे बास्केटबॉल खेळलो.

हसायचं तर हसून घ्या. आम्हीही हसत होतो. खाडीकाठचं गाव, पलीकडे देवबाग, अलीकडे आमची माडांची रांग. गावात सायकल आली की पोरं तिच्या मागे धावत, असा तो काळ. क्रिकेटची बॅटसुद्धा आमच्याकडे माडाच्या पिढ्याची, म्हणजे झावळीच्या जाड देठाची असे. तिथे हा लांबचा खेळ कसा येऊन पोचला, याची गंमत मला अजून वाटते.

परवा पुतण्याची नात कॉलेजच्या सुट्टीत आली, ती बॉल घेऊनच. नारिंगी रंगाचा, रबरी, अंगावर बारीक पुटकुळ्या असलेला. संध्याकाळी खळ्यात ती तो आपटायला लागली आणि धप् धप् असा आवाज पडवीपर्यंत यायला लागला. मी नारळ सोलत होतो. हात आपोआप थांबला. आमच्या चामड्याच्या बॉलचा आवाज याहून जाड होता, जरा दमल्यासारखा. पण उसळी तीच, आणि दोन टप्प्यांमधला तो श्वास धरायला लावणारा क्षणही तोच.

"आजोबा, बाबा म्हणतात तुम्ही खेळायचात. कुठल्या पोझिशनला?"

"पाचव्या."

"अशी पोझिशन नसते हो."

"आमच्यात होती," मी म्हणालो. मग तिला सांगत बसलो. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की त्या हंगामातल्या बऱ्याच गोष्टींचा मला अजून उलगडा झालेला नाही.

जुवांव मास्तर मूळचे गोव्यातल्या बारदेशातले. त्यांची बहीण रोझाबाय आमच्या गावात दिलेली. मुंबईच्या कुठल्याशा मिशनच्या शाळेत काही वर्षं काढून मास्तर बहिणीकडे राहायला आले आणि जवळच्या शाळेत शिकवू लागले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक बॉल होता. तपकिरी चामड्याचा, वर बुटासारखी नाडी बांधलेला. कापणी संपली, रोझाबायचं खळं मोकळं झालं, आणि मास्तरांनी लोहाराकडून पिंपाची दोन कडी आणून समोरासमोरच्या दोन माडांवर ठोकली. गावाला वाटलं, काहीतरी वाळत घालायचं असेल.

कड्याला खाली जाळं लागतं, असं मास्तर म्हणाले. जाळं म्हटल्यावर आमच्याकडे काय कमी? बाबल गाबताच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा. त्याने एका दुपारी सुतळीची दोन सुंदर जाळी विणून आणली आणि माडावर चढून लावलीसुद्धा. मास्तरांनी पहिला बॉल टाकला तो बरोबर कड्यातून आत गेला आणि आतच राहिला. बाबलने जाळं खालून पक्कं बंद करून विणलं होतं.

"अरे, तळ मोकळो सोडूक होयो!" मास्तर पोट धरून हसले.

बाबल माडावरूनच म्हणाला, "इतक्या कष्टान गावलेला सोडूचा कित्याक मास्तर?"

मास्तरांनी काठीने ढोसून बॉल बाहेर काढला आणि बाबलने कोयत्याने तळ कापला. तेव्हा त्याचा चेहरा खरंच दुखावलेला होता.

आता संघाविषयी. मास्तरांचा भाचा इनास आमचा कप्तान, दात जरा पुढे, धावायला वाऱ्यासारखा. उंच, रुंद पंजाचा बाबल. नामा आणि गुणा हे सख्खे भाऊ, कायम भांडणारे आणि एकमेकांशिवाय न जेवणारे. पाचवा मी, सदू. मला संघात कोणी घेतलं नव्हतं. मी खळ्याच्या कडेला उभा राहून बघत होतो, आणि मास्तरांना पाच पोरं हवी असताना चारच मिळाली होती. त्यांनी बोटाने खूण केली, "तू रे. ये हयसर."

इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. आमची घरं गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. तेव्हा त्या वस्तीला महारवाडा म्हणत. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून पेन्शनीत आलेले, अंगात खाकी कोट, पायात वहाणा. त्यामुळे आमच्याशी बोलताना लोक आवाज जरा खाली ठेवत. बाकी अंतर ठेवायचं ते ठेवतच. किनाऱ्यावर रापण ओढली जायची तेव्हाही तसंच. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. ते होडीने समुद्रात सोडतात आणि दोन बाजूंच्या दोरांनी सगळा गाव मिळून किनाऱ्याला ओढून घेतो. रीत अशी, की दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीत वाटा. मग तो वाटसरू असो, तरी. फक्त आमच्या माणसांनी दोराला हात लावायचा नाही. आम्ही बाजूला उभे राहायचो, आणि शेवटी कोणीतरी आमच्या पंच्यात वरून मासे सोडायचं. सोडणाऱ्याचा हात किती उंच असतो, हे मी लहानपणी फार बारकाईने बघत असे. माणूस चांगला असला तर हात जरा खाली यायचा.

खळं किरिस्तावांचं असल्यामुळे माझ्या तिथे जाण्याला कोणी उघड हरकत घेतली नाही. बाबलचा चुलता रापणीचा म्होरक्या. तो एकदा कुरकुरला, "ह्यो काय नवो खेळ काढल्यानी?" पण तेवढंच.

पहिल्या दिवसाचं मला असं आठवतं. सगळे एकमेकांकडे बॉल फेकत होते. माझी पाळी आली की बॉल जमिनीवरून गडगडत यायचा, किंवा कोणीतरी तो माझ्यापुढे ठेवून दोन पावलं मागे सरायचं. मी उचलायचो आणि फेकायचो. मला वाटलं, खेळच असा असेल. चौघांनी फेकायचा आणि एकाने उचलायचा. प्रत्येक खेळात एकेक विचित्र नियम असतोच की. विटीदांडूत नाहीत का? मी अगदी मन लावून उचलत होतो, आणि मास्तर कमरेवर हात ठेवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आम्हांला ओळीत उभं केलं आणि सांगितलं, "काल दोन नियम सांगूचे रवले. एक, बॉल जमनीर ठेवलो नाय तर गडगडत सोडलो तर तो बाद. हातातसून हातात. टप्पो घेवचो तो आपलो आपण. दुसरो, बास्केट टाकूच्या आदी बॉलाक पाचव जणांचे हात लागूक होये. एक जरी रवलो, तरी बास्केट बाद."

"पुस्तकात आसा तसा?" नामाने विचारलं.

"आसा तर!"

कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. उलट चटकन पटलं. ज्याचा हात लागला त्याचा वाटा, हे त्यांच्या रक्तातच होतं. रापणीत दोर, इथे बॉल, एवढाच काय तो फरक. मग बॉल सगळ्यांच्या हातांतून फिरायला लागला. पहिल्यांदा बाबलने माझ्याकडे फेकला तेव्हा तो जरा जास्तच जोरात आला, माझ्या छातीवर आदळला आणि त्या चामड्याचा तेलकट वास नाकात शिरला. मला गंमत वाटते ती या चामड्याची. मेलेल्या जनावराचं कातडं सगळे खुशाल पोटाशी धरत होते, अडचण होती ती माझ्या तळहाताची. तेव्हा एवढं सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त आनंद झाला होता. छातीवरचा वळ मी घरी जाऊन आईला दाखवला, तर तिला वाटलं कोणी मारलं.

थोडे दिवस गेले आणि बारदेशातून निरोप आला, मास्तरांची आई आजारी आहे. मास्तर गेले. बॉल ठेवून गेले, आठवड्याने येतो म्हणाले. ती गोव्याच्या हद्दीवरच्या ताणाची वर्षं होती. पलीकडे पोर्तुगीज, अलीकडे आपण, मध्ये शिपाई. ते तिकडे असतानाच येणं-जाणं बंद झालं. बहिणीने भावाकडे जायचं म्हटलं तर ते आता परमुलुख झालं होतं. रोझाबाय चुलीपाशी बसून रडायची आणि आम्हांला नारळाच्या खापा देताना म्हणायची, "खेळा रे. तो येयसर बॉल सुकवन घालू नकात." तो येईपर्यंत बॉल हातात फिरता ठेवा, असं तिचं म्हणणं.

मास्तर गेले तेव्हा आमचा खेळ अर्धाच शिकून झाला होता. कुठे थांबायचं, कशाला धक्का म्हणायचं, वेळ किती, सगळंच अंधुक. उरलेले नियम आम्ही आपापसांत भांडून ठरवले. पण ते दोन मात्र पक्के होते, कारण ते पुस्तकातले होते.

तो हंगाम मला आठवतो तो वासांनी. सारवलेल्या खळ्याचा उन्हातला वास. आंब्याच्या मोहोराचा, थोडा आंबूस. मग माघात सुरंगी फुलली की सगळी हवाच जड व्हायची आणि बॉलसुद्धा सावकाश येतोय असं वाटायचं. सकाळी बाबल, नामा आणि गुणा रापण ओढून यायचे, त्यांच्या हातांना खारं पाणी आणि खवले. बॉलला हळूहळू मासळीचा वास यायला लागला. तो फुटला की इनास मालवणला सायकलवाल्याकडे नेऊन ठिगळ लावून आणायचा, आणि ते दोन दिवस आम्ही गवत भरलेल्या पोत्याच्या गोळ्याने खेळायचो. त्याला टप्पा नव्हता. त्यामुळे फेकणं आणि झेलणं तेवढं पक्कं झालं. पुढे पुढे तर मी कुठे आहे हे न बघताच बॉल माझ्याकडे यायचा. पाठ करून उभा असलेला बाबल खांद्यावरून फेकायचा आणि तो नेमका माझ्या हातात. हे कसं होतं, याचा मी तेव्हाही विचार करायचो. त्याच्या पाठीला मी दिसत असेन का?

खळ्याबाहेर सगळं होतं तसंच होतं. वाटेत बाबलची आई दिसली की मी बाजूला व्हायचो. रापणीत अजूनही वरूनच मासे पडायचे. पण खळ्याच्या चार कडांच्या आत माझ्यावाचून बास्केट होत नव्हती. मी चांगला खेळत नव्हतो, खोटं कशाला सांगू. मी असायलाच लागायचो, एवढंच. माणसाला आणखी काय हवं असतं?

आसपासच्या संघांशी आम्ही खेळलो. मिशनच्या शाळेची पोरं, बंदरावरचे नोकरदार, वालावलहून आलेली एक टोळी. खेळ नवा, संघ मोजके, आणि सगळेच जेमतेम. सामना आमच्या खळ्यात असेल तर नियम आमचे, त्यांच्याकडे असेल तर त्यांचे, आणि त्यांचे त्यांनाही नीट ठाऊक नसत. आम्ही बरेच जिंकलो. शिमग्याच्या आधी मालवणला एका शाळेच्या मैदानावर मोठे सामने भरले, हरला तो बाहेर अशा पद्धतीचे. आम्हीही नाव दिलं.

तरीने, म्हणजे नावेने खाडी ओलांडली, देवबागला उतरलो आणि वाळूतून चालत मालवण गाठलं. अंगात रोझाबायने एकाच पिशवीच्या कापडाचे शिवलेले पाच सदरे. मैदानाभोवती चुन्याची रेघ, खांबांवर खऱ्या फळ्या, आणि शिट्टी घेतलेले एक पंच, मुंबईहून मुद्दाम आणलेले. पहिला सामना सुरू झाला. इनास कड्याखाली एकटा मोकळा असायचा, हातात बॉल, आणि तो टाकायचाच नाही. वळून मला शोधायचा. लोक ओरडायचे, "टाक, टाक!" मग मी बॉल घ्यायचो, परत द्यायचो, तेव्हा तो टाकायचा. लोकांना वाटलं आम्ही त्यांची टिंगल करतोय. समोरचा संघ इतका गोंधळला की त्यांनी शेवटी धावणंच सोडलं. आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर पंचांनी इनासला जवळ बोलावलं. आम्हीही मागे जाऊन उभे राहिलो.

"तुम्ही लोक प्रत्येक वेळी त्या मुलाकडे बॉल का देता?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"पाच हात लागूक होये मां," इनास म्हणाला आणि मग सावरून शुद्ध बोलला, "तसा नियम आहे ना, साहेब?"

पंच हसले. मनाने चांगला माणूस होता. "असा कोणताच नियम नाही. ज्याला संधी मिळेल त्याने टाकावा. उगाच वेळ घालवता तुम्ही. नाहीतर फार पुढे जाल."

परतताना तरीत मी नेहमीसारखा टोकाला बसलो. मधोमध गेल्यावर गुणा म्हणाला, "म्हणजे गरज नाय."

"कसली?" नामाने विचारलं, जसं काही त्याला कळलंच नव्हतं.

"पाच हातांची."

इनास पाण्याकडे बघत होता. बाबल वल्ह्याकडे. मी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, आणि माझ्याकडे कोणीच बघत नाही हे माझ्या लक्षात आलं. तोवर मला वाटत होतं की मला सामने जिंकायचे आहेत. त्या तरीत कळलं की मला ते फारसं नकोच होतं. मला बॉल हवा होता, चौघांच्या हातून, माझ्या हातात. आता तो द्यायचं कोणावर बंधन राहिलं नव्हतं, आणि मागायचं मला तोंड नव्हतं.

पुढच्या सामन्यात आम्ही पंचांनी सांगितलं तसं खेळलो. मी उजव्या कडेला धावत राहिलो. पुढे गेलो, मागे आलो. बॉल एकदा माझ्या पायापाशी आपणहून आला, तेवढाच. तोही सामना आम्ही जिंकलो, आणि लोकांनी इनासला खांद्यावर घेतलं. इतका एकटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो, आणि मी जिंकलेल्या संघात होतो.

घरी आबा बाजेवर बसून वहाण शिवत होते.

"काय झाला?"

"जिंकलो आमी. आता फायनल."

"बॉल गावलो तुका?"

"जिंकलो म्हणतंय मां, आबा."

"तां नाय इचारलंय मी," आबा म्हणाले आणि पुन्हा सुई घालायला लागले. पलटणीत वीस जातींच्या माणसांबरोबर राहिलेला माणूस तो. त्याला कोणत्या गोष्टीची चौकशी करायची हे ठाऊक होतं. मी बाहेर जाऊन ओढ्यापाशी बसलो आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी मी खळ्यात जाणार नव्हतो. गेलो, कारण मी नसताना तिथे काय होतं याचीच मला उत्सुकता वाटायला लागली आणि ती मला सहन होईना. चौघे तिथे होते, पण खेळत नव्हते. बाबल पायरीवर बसून स्वतःच्या पंजाकडे बघत होता.

"काल बरो नाय झालो खेळ," तो म्हणाला.

"जिंकलंव की!" गुणा म्हणाला.

"जिंकलंव रे. पण माजो हात दरवेळी सदूकडे जाय आनी मी तेका मागे वढी. आर्दो जीव तेच्यातच गेलो. दोर वढताना मदीच एक माणूस सुटलो काय दोर कसो हातात सैल येता, तसा झाला."

मग इनास म्हणाला, "मास्तर येयसर मास्तरांचोच नियम. पंचाचो पंचाकडे."

"आनी फायनल हरलंव तर?" गुणाने विचारलं.

"हरलंव तर मास्तरांक सांगू, तुमच्या नियमान हरलंव."

नामाने बॉल उचलला आणि माझ्याकडे फेकला. त्यात कसलं औदार्य नव्हतं, माफीही नव्हती. बाबलच्या हाताला सवय झाली होती आणि सवय मोडताना दुखत होतं, एवढीच गोष्ट. पण मी अजून विचार करतो, चांगुलपणा म्हणतात तो बहुतेक वेळा याहून वेगळा काय असतो?

फायनलला समोर रत्नागिरीकडचा संघ, सगळ्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट. आम्ही अनवाणी. सगळा गाव आला होता. रोझाबाय छत्री घेऊन पुढे, बाबलचा चुलता मागे उभा. आबाही आले होते, खाकी कोट घालून, दूर वडाखाली. समोरचे खेळायला पक्के होते, आणि आम्ही आमच्या वळणाने. बॉल एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, माझ्याकडे, मग कड्याकडे. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि मग मोजायला लागले. "एक, दोन, तीन, चार, पाच!" पाच म्हटलं की बास्केट. पोरांना फार मजा वाटत होती. आम्ही कधी एका पॉइंटने पुढे, कधी मागे.

अगदी शेवटी रत्नागिरीवाले एका पॉइंटने पुढे होते. बाकावरचा माणूस घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभा राहिला होता. गुणाने बॉल हिसकावला, नामाला दिला, नामाने बाबलला, बाबलने इनासला. इनास कड्याच्या अगदी खाली, एकटा. त्याने वर कड्याकडे पाहिलं. मी लांब, उजव्या रेघेपाशी. लोक ओरडले, "चार!" आणि लगेच सगळेच, आमचे, त्यांचे, सगळे ओरडायला लागले, "टाक! टाक!" मीसुद्धा ओरडलो, "टाक रे इनास!"

त्याने टाकला. माझ्याकडे.

तो हवेत किती वेळ होता कोण जाणे. माझ्या हातात आला, मी तो तसाच परत भिरकावला, इनासने उडी मारून कड्यात घातला. जाळ्याचा सळसळ आवाज झाला. वेळ संपल्याची शिट्टी त्याच्या आधी वाजून गेली होती, बॉल आम्हां दोघांच्या मध्ये असताना.

हरलो. बाबलचा चुलता मोठ्याने म्हणाला, "येडे रे येडे!" पंच इनासजवळ येऊन नुसतेच मान हलवत उभे राहिले. वडावरचे कावळे उडाले होते ते परत येऊन बसले. मला इनासकडे बघवेना. तरीत बसताना मी टोकाकडे निघालो तर बाबलने सरकून मधली जागा केली आणि म्हणाला, "पाच हात लागले मां? मगे बास्केट झाली. तेंका काय मोजूचा तां मोजूंदे." गुणा आणि नामा त्यावरून खाडी संपेपर्यंत भांडले, शिट्टी आधी की बास्केट आधी. त्या भांडणात मलाही घेतलं होतं. आबा मागच्या तरीने आले. घरी आल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही.

त्यानंतर पाऊस आला, खळं चिखल झालं, कड्यांना गंज चढला. पुढच्या वर्षी इनास बोटीवर लागला, मी मुंबईला पोस्टात. संघ तसा पुन्हा जमला नाही. रापणीच्या दोराला आमच्या वाडीतला हात लागायला आणखी बरीच वर्षं गेली. ती माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि ती कशी गेली ते वेगळं सांगायला हवं.

मग गोवा मोकळा झाला. इनास सुट्टीवर आला होता, मीही. आम्ही दोघे तो जुना बॉल पिशवीत घालून बारदेशात मास्तरांकडे गेलो. मास्तर पार वाळले होते, बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत खुर्ची टाकून बसलेले. चहा झाला, रोझाबायच्या गोष्टी झाल्या. शेवटी मला राहवलं नाही.

"मास्तर, ते पाच हात पुस्तकात नाय होते मां?"

"नाय."

"मगे?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुज्याफुडें बॉल जमनीर ठेवताले, आनी तू वाकान उचलतालस. हांसत उचलतालस रे तू. तें माका बघवलें ना. रातभर नीद ना. माज्या मनांतलो नियम म्हणान सांगिल्लो तर कोणें पाळ्ळो आसतो? पुस्तकांतलो म्हणान सांगलो."

इतक्या वर्षांनी माझ्या छातीवर पुन्हा बॉल आदळला. पहिल्या दिवशीचा तो खेळ, चौघांनी फेकायचा आणि एकाने उचलायचा, तो नियम नव्हता हे मला त्या बलकांवात कळलं. मी तो किती मन लावून खेळलो होतो.

"मागीर पंचान सांगल्याउपरांत? नियम ना म्हण कळ्ळें तेन्ना?" मास्तरांनी विचारलं.

इनास खाली बघत म्हणाला, "एक मॅच सोडलो आमी तो नियम."

"आनी फायनलाक?"

मी सांगितलं. कड्याखालचा इनास, ओरडणारे लोक, रेघेपाशी मी. सगळ्यांना ठाऊक होतं की नियम नाही. मास्तर पुढे वाकून ऐकत होते. शिट्टीचं सांगितलं तेव्हा त्यांचं लक्षच नव्हतं. हरलो, हे त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"हातांत दिलो?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हातात," मी म्हणालो.

मग मास्तरांनी पिशवीतला बॉल मागितला, हवा गेलेला, सुरकुतलेला, अजून मासळीचा वास असलेला. तो इनासच्या हातात दिला. इनासने माझ्या हातात दिला. मी तो पुन्हा मास्तरांच्या हातात दिला.